जरा हसा, दात नको

या, या. चपला बाहेरच काढा. आणि आत पाय ठेवण्याआधी एक ऐका : हे समोर उभे आहेत त्यांना ‘दुकान’ म्हणायचं नाही. रागावतात. एस.टी. स्टँडवरून बाजारपेठेत शिरताना डाव्या हाताला, पिठाची गिरणी आणि कापडाचं दुकान यांच्यामध्ये अंग चोरून उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे आमच्या गावचा फोटो स्टुडिओ. जन्म 1964 चा. गिरणीचं पीठ साठ वर्षं उडून पाटीवर बसतंय, त्यामुळे कायम पावडर लावून तयार असल्यासारखे दिसतात. त्यांना ते आवडतं.

स्वभाव हुकमी. समोरच्याला अहो-जाहो करतील, पण बाकी सगळं बोलणं आज्ञार्थी. ‘बसा. मान डावीकडे. जास्त झाली. हनुवटी खाली. हलायचं नाही.’ तहसीलदार आले तरी हेच आणि दहावीच्या फॉर्मसाठी शेंबूड पुसत आलेलं पोर असलं तरी हेच. एक निवृत्त फौजदार म्हणायचे, आयुष्यात मला ‘हलायचं नाही’ असं दोघांनीच सांगितलं, एक न्हावी आणि दुसरे हे.

संसार आटोपशीर. एक फिरतं स्टूल. एक पडदा, एका अंगाला ताजमहाल, दुसऱ्या अंगाला धबधबा. भिंतीला आरसा, आरशाला सुतळी आणि सुतळीला फणी, कारण गावातल्या भल्या भल्या लोकांनी फण्या खिशात घालून नेल्या आहेत. पावडरचा डबा. आणि खुंटीवर काळा कोट. हा कोट यांचा जीव की प्राण. पाठीमागून उभा उसवलेला, म्हणजे पैलवानालाही होतो आणि काडी पैलवानालाही. समोरून पाहिलं तर बॅरिस्टर, मागून पाहिलं तर बनियन. तालुक्यातले निदान तीनशे नवरदेव या एका कोटात लग्नाच्या बाजारात उतरले आणि खपले.

पण या गृहस्थांना खरं वेड आहे ते एका प्रश्नाचं. माणूस बघणाऱ्याला जास्त ओढून घेतो तो हसताना की उदास असताना? साठ वर्षं हे त्याच एका प्रश्नावर बल्ब जाळत बसले आहेत. दर दहा वर्षांनी मत बदलतं, आणि प्रत्येक वेळी सांगायचा सूर असा, की आम्ही तर हे पहिल्यापासूनच म्हणत होतो.

घराण्याचा अभिमान विचारू नका. ‘आमच्यात हसायची पद्धत नव्हती,’ हे यांचं लाडकं वाक्य. कागदोपत्री खरं आहे ते. 1839 मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका फोटोला काही मिनिटं बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. अर्धा मिनिट धरून ठेवलेलं हसू दाढदुखीसारखं दिसायला लागतं, तेव्हा लोकांनी तोंड मिटून घेतलं आणि त्याला भारदस्तपणा म्हणायला सुरुवात केली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथले नावाजलेले छायाचित्रकार. हे त्यांना थोरले आजोबा मानतात. दादासाहेब फाळक्यांनीही आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओच काढला होता. ते चुलत आजोबा. ‘पुढे सिनेमात गेले,’ एवढं सांगून हे गप्प होतात. घराण्यात कुणी तमाशात गेल्यावर जशी गप्प बसायची रीत असते, तशी.

जुन्या वाड्यांत ओसरीवर टांगलेले पणजोबा आठवा. सगळे कोर्टाचं समन्स आल्यासारखे बघताहेत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असा तेव्हा समज, त्यामुळे सुईकडे बघावं तसं भिंगाकडे बघायचे. आपण आता त्यांच्याखाली उभे राहून म्हणतो, ‘काय करारी नजर!’ धाक भिंगाचा होता, श्रेय पणजोबांना मिळालं.

आता शोकेसकडे या. सावकाश, काच तडकलेली आहे. मधला फोटो बघा. बघितलात? बघत राहिलात, नाही का? सगळेच राहतात.

साधारण 1971-72 चा. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, तोंड खिडकीकडे, एक हात गालाला, डोळ्यांत पाणी आहे की नाही ते ठरत नाही. त्या फोटोसमोर कॉलेजच्या पोरांच्या चार पिढ्या उभ्या राहिल्या. सायकलची साखळी पडायची ती नेमकी इथेच. एका मास्तरांनी तिच्यावर अख्खी वही भरून कविता केल्या. तिच्याबद्दलच्या कथा तर काय! कुणी म्हणे प्रेमभंग, कुणी म्हणे आई वारली, कुणी म्हणे सैन्यातल्या भावाची वाट बघतेय. तिचं काहीतरी हरवलंय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

तिची दाढ दुखत होती. नर्सिंगच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली होती, ठणका मारला म्हणून गालाला हात लावून वळली, आणि थोरल्या मालकांचं बोट बटणावर पडलं. फॉर्मला समोरचा चेहरा लागतो, तेव्हा हा फोटो वाया गेला आणि शोकेसमध्ये लागला. हरवायचं होतं ते दोन दिवसांनी दवाखान्यात हरवलं. आठवड्याने बाई उरलेल्या कॉप्या न्यायला आल्या, खळखळून हसत. शोकेससमोर तीन पोरं उभी होती. त्यांनी तिला वाट करून दिली, कारण ती मध्ये आल्याने फोटो दिसेना.

यातली खरी मेख पुढे आहे. त्या फोटोपायी पोरं झुरली, पण तो बघून तिला एकही मागणी आली नाही. तिचं लग्न जमलं ते दुसऱ्या फोटोवर. पोस्टकार्ड साईज, उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, ओठांवर बेताचं हसू. शोकेसमध्ये लावायचा फोटो वेगळा आणि पाकिटात घालून पाठवायचा वेगळा, हे यांना त्या दिवशी कळलं. अजून गिऱ्हाइकांना सांगत नाहीत. धंद्यातली गोष्ट आहे.

मुलगी दाखवायच्या फोटोची सीटिंग म्हणजे यांचा गाभारा. आई कॅमेऱ्यामागे बसणार आणि तिथून मंत्र म्हणणार. ‘हस जरा. अगं, एवढं नको. दात झाक. आता रुसल्यासारखी दिसतेस. हस जरा.’ हसली नाही तर तुसडी, जास्त हसली तर आगाऊ. या दोन टोकांच्या मध्ये जेमतेम गहूभर जागा असते आणि मुलीचं पुढलं सगळं आयुष्य तिथे मावायचं असतं. यांनी त्यासाठी एक नेम बसवला होता : ओठ मिटलेले असावेत, पण कुलूप लावलेलं नसावं. ‘पेढा आठवा,’ असं म्हणायचे. ‘पेढा’ उच्चारताना ओठ मिटतात आणि उघडतात. तो शब्द मनातच ठेवला, तर नेमकं हवं ते होतं. करून बघा. आरसा तिकडे आहे.

मुलगा आला की मात्र शिस्त उलटी. ‘हसू नका. नोकरी कच्ची वाटते.’

साठ वर्षं हा पक्षपात बिनदिक्कत चालला. मुलगी हसरी, मुलगा गंभीर. मला वाटायचं, हा आपला गावंढळ खाक्या. मग 2011 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हजाराहून जास्त स्त्री-पुरुषांना निरनिराळ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि कोण आकर्षक वाटतं ते विचारलं. पुरुषांना हसऱ्या बायका सगळ्यांत आवडल्या. बायकांना हसरे पुरुष तेवढेसे भावले नाहीत. ताठ मानेचे, ऐटीतले बरे वाटले. इतकंच काय, मान खाली घालून ओशाळलेलेही त्या दात काढणाऱ्यांपेक्षा उजवे ठरले. विचारलं होतं ते पहिल्या नजरेपुरतं, संसाराचं नव्हे, हेही त्या संशोधकांनी बजावून सांगितलं. धाकट्या मालकांनी ही बातमी मोबाईलवर वाचून दाखवली, तेव्हा हे नुसते ट्यूबलाईट फडफडवून थांबले. आमच्याकडे हे आठ आण्यांत सांगत होते, असा त्याचा अर्थ.

पुरुषांच्या गांभीर्यावरून आठवलं. यांच्या तरुणपणात दिलीपकुमारची साथ होती, आणि साथ म्हणजे देवीची असायची तशी. 1955 चा ‘देवदास’ आमच्याकडे फिरत्या टॉकीजच्या तंबूत वर्षानुवर्षं येत राहिला. तंबू हलला की दुसऱ्या दिवशी पोरांची रांग. कपाळावर एक बट, डोळे जड, ओठ किंचित उघडे. यांनीही सोय केली होती, एकाच बाजूने दिवा, अर्धा चेहरा अंधारात. ‘दिलीपकुमार लाईट’, आठ आणे जास्त. खुद्द दिलीपकुमारला डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाबा रे, दुःखी भूमिका पुरे, जरा हलकंफुलकं कर. त्याने ते ऐकलं आणि ‘आझाद’, ‘कोहिनूर’, ‘राम और श्याम’ केले. ही चिठ्ठी आमच्या तालुक्यापर्यंत पोचली नाही. पोरं ‘देवदास’चाच डोस घेत राहिली.

त्यातला भुसार दुकानदाराचा मुलगा अजून आठवतो. पोरगं गुटगुटीत, तूपभातावर वाढलेलं. काही केल्या उदास दिसेना. बट पाडली, दिवा कलता केला, गालांनी साथ दिली नाही. शेवटी थोरले मालक म्हणाले, ‘उधारीची वही आठवा.’ पोराचा चेहरा असा उतरला की खुद्द दिलीपकुमारने पाणी मागितलं असतं. तो फोटो त्याने ज्या मुलीला दाखवला, तिने विचारलं म्हणे, ‘बरं नाही का तुम्हाला?’

आणि गावाचं तरी कुठे ठरलेलं होतं? 1988 मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ला पोट धरून हसलेलं हेच गाव 1991 मध्ये ‘माहेरची साडी’ला पदर पिळत बाहेर पडलं. त्याच खुर्च्या, तीच माणसं. त्या वर्षी आमच्या बायका स्टुलावर बसल्या की आपोआप मान एका खांद्याकडे झुकायची. यांना ती मान सरळ करता करता पुरे झालं.

आता यांचं सगळ्यांत मोठं काम सांगतो. त्याबद्दल यांना कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही, म्हणून मीच सांगतो.

आमच्या भागातला घरटी एक गडी मुंबईत, गिरणीत. लालबाग-परळच्या खोलीत वीस जणांत अंथरूण, खानावळीत जेवण, गणपतीला आणि शिमग्याला गावी. मध्येच पत्र यायचं : हिचा एक फोटो पाठवा. मग सासू सुनेला घेऊन इथे यायची. आणि इथे यांच्या अकलेची कसोटी लागायची. सून खुशीत दिसली, तर नवरा म्हणणार, माझ्यावाचून बरं चाललंय. उदास दिसली, तर म्हणणार, आई छळते. आणि आई तर शेजारीच उभी, पदर खोचून. चेहरा एक, बघणारी माणसं तीन : मुंबईचा नवरा, हजर सासू, आणि नवऱ्याच्या खोलीतले एकोणीस जण, ज्यांच्या हातून तो फोटो फिरणार होता.

यांनी तोड काढली. बाईला खुर्चीवर बसवायचं, कोपर टेबलावर, तळवा गालाशी, नजर वर उजव्या कोपऱ्यात. मग डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, त्या कोपऱ्यापुरता कागद झाकून ठेवायचा, तिथे नवऱ्याची निगेटिव्ह धरून दुसऱ्यांदा उजेड द्यायचा, आणि कडा पुठ्ठा हलवत हलवत धूसर करायच्या. झाला ढग. ढगात नवरा. रसायनांच्या वासाने नाक झोंबायचं आणि कागद हायपोतून काढून तारेला टांगला की पाण्याबरोबर नवराही ठिबकतोय असं वाटायचं. पण काम चोख. उदासीला पत्ता मिळाला. कुणासाठी झुरते ते कोपऱ्यातच छापलेलं. नवरा खूश, कारण तो ढगात. सासू खूश, कारण दोष तिच्याकडे येत नाही. खोलीतल्या एकोणीस जणांनीही ‘नशीबवान आहेस’ म्हणून उसासे टाकले. ढगातला नवरा मात्र बहुतेक वेळा त्याच उसवलेल्या कोटात असायचा. म्हणजे आमच्या निम्म्या तालुक्यातल्या बायका एकाच अर्ध्या कोटासाठी झुरत होत्या.

यात नवीन काही नाही म्हणा. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिका आठ. कुणाला विरह, कुणाचं भांडण, कुणाला फसवलेलं, कुणी प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून. नवरा परगावी गेलेली ती प्रोषितभर्तृका, म्हणजे आमची गिरणीवाल्याची बायको. आठांतली एकच, स्वाधीनभर्तृका, जिचा नवरा निवांत तिच्या मुठीत आहे. ती आमच्या स्टुडिओत फोटो काढायला कधी आली नाही. तिला गरज नव्हती. आणि कालिदासाचा दुष्यंत काय करतो? तिसऱ्या अंकात शकुंतला विरहाने फुलांच्या शेजेवर तळमळत पडली आहे आणि हा महाराजा झाडाआडून बघत तिच्या रूपाचं कौतुक करतोय. वैद्य बोलावलेला नाही. आमच्या शोकेससमोरची पोरं त्याच कुळातली.

या पायरीवरचं कुत्रंही त्याच विद्येवर जगतं. तो पिवळा. गिऱ्हाईक बाहेर पडलं की तो भुंकत नाही, शेपूट हलवायचे कष्टही घेत नाही. नुसता भुवयांची आतली टोकं वर उचलतो आणि बघतो. बिस्किट पडलंच. ब्रिटनमधल्या आश्रयगृहांतल्या कुत्र्यांवर 2013 मध्ये एक अभ्यास झाला. जी कुत्री असं वारंवार बघतात, ती लवकर दत्तक जातात, असं निघालं. पुढे 2019 मध्ये शरीराची चिरफाड करणाऱ्यांना कळलं की ती भुवई उचलायचा खास स्नायू कुत्र्याला आहे, लांडग्याला जवळपास नाहीच. माणसाची करुणा कुठून उघडते, ते हजारो वर्षं आपल्या चुलीशी बसून त्यांनी शोधून काढलं. पिवळ्याला दुःख काय आहे, ते मात्र मला आजवर दिसलेलं नाही. कापडाच्या दुकानासमोर तो वेगळा असतो. तिथे बिस्किट मिळत नाही.

18 जानेवारी 1982. मुंबईतल्या गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार. महिना गेला, वर्ष गेलं, मग ढगातले नवरे एकेक करून गावी उतरायला लागले, वळकटी आणि ट्रंक घेऊन. ढगाचे फोटो बंद झाले. एक बाई राशनकार्डाच्या कामाला आली होती, शोकेसमधला जुना ढगाचा फोटो बघून म्हणाली, ‘हितं बरा हुता.’

ते पुरुषही यायचे. अर्जाला लावायला फोटो, कार्डाला लावायला फोटो. तेव्हा मी या गृहस्थांना पहिल्यांदा बावरलेलं पाहिलं. स्टुलावर खरी उदासी येऊन बसली की यांना काही सुचत नाही. तिला बट नसते, तिला कलता दिवा लागत नाही. नजर खिडकीकडेही नसते, कुठेच नसते. अशा वेळी आज्ञार्थ गळून पडतो. ‘हनुवटी जरा...’ म्हणतात आणि वाक्य पुरं करत नाहीत. पंखा लावतात. पाण्याचा तांब्या पुढे करतात. एकच फोटो काढतात, सहाचे पैसे घेतात आणि पाकिटात आठ घालतात. विधवा पेन्शनच्या फॉर्मसाठी आलेल्या बाया, कर्जमाफीच्या रांगेतून आलेले शेतकरी, सगळ्यांना हाच हिशोब. त्यातला एकही फोटो शोकेसमध्ये लागला नाही. आणि खरं सांगायचं तर तो लागला असता, तरी कुणाच्या सायकलची साखळी पडली नसती. लोकांनी चालण्याचा वेग वाढवला असता.

पुढे सरकार आलं. म्हणजे होतंच, पण कॅमेऱ्यात नव्हतं. पासपोर्टच्या फोटोला तोंड मिटलेलं, चेहरा कोरा, पाठीमागे पांढरं. हसू नाही, रडू नाही. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरमध्ये माणूस असा बसवायचा की त्याला कसलंच काही वाटत नाही. यांनी तो नियम वाचला आणि आठवडाभर शटर अर्धंच उघडलं. इतकी वर्षं हसू की उदास यावर डोकं खपवलं आणि यंत्राने सांगितलं, आम्हाला दोन्ही नको, डोळ्यांमधलं अंतर तेवढं द्या. ताजमहालाचा पडदा त्या वर्षी गुंडाळला. आधारचा फोटो तर यांच्याकडून काढलाही गेला नाही. लोक ते कार्ड घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘बघा हो, काय दिसतोय हा.’ हे बघायचे आणि मनातून सुखावायचे. एवढ्या वाईट फोटोनंतर लोकांना आपली किंमत कळेल, असा यांचा भाबडा समज.

कळली नाही. मोबाईल आला. आता प्रत्येकाच्या खिशात एक स्टुडिओ, आणि तो आज्ञार्थी बोलत नाही, लाडे लाडे बोलतो. गाल नितळ करतो, डोळे मोठे करतो. यांना लग्नाआधीच्या शूटिंगचीही कामं येतात. धाकटे मालक जोडप्याला घेऊन धरणावर जातात, ड्रोन उडवतात. तिथे सगळे हसतात. सकाळी नऊपासून हसतात. हवेत उडी मारून हसतात, ओढणी उडवून हसतात. परत आल्यावर हे धाकट्या मालकांना विचारतात, तीनशे फोटोंत ती दोघं एकमेकांकडे बघताहेत असे किती? धाकटे मालक म्हणतात, ‘अल्बमला लागतात तेवढे आहेत.’ यांना हे पटत नाही, पण लाईटबिल त्या अल्बमातूनच भरलं जातं, म्हणून गप्प बसतात. झेरॉक्स मशीनही आता यांच्याच पोटात आहे. त्याला अजून नावाने हाक मारत नाहीत. ‘ते’ म्हणतात.

एक काम मात्र मोबाईलने हिरावलेलं नाही. भिंतीवरचा हाराचा फोटो. ते अजून इथेच होतं. बाराव्याच्या आधी हवा असतो, घाई असते, आणि घरात माणसाचा एकट्याचा धड फोटो कधीच नसतो. मग लोक कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप घेऊन येतात. त्यातून आजोबा कापायचे, शेजाऱ्याचा खांदा पुसायचा, टोपी सरळ करायची, मागे निळं आभाळ घालायचं. या तालुक्यातली बरीचशी मयत माणसं कुणाच्या तरी पंगतीतून थेट आभाळात गेलेली आहेत.

मागच्या मार्गशीर्षात असंच एक कुटुंब आलं. दोन मुलगे, सून, आणि दाराशी पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बाई. मुलांनी दोन फोटो आणले होते. एक सोसायटीच्या कार्डावरचा : भुवया जुळलेल्या, ओठ घट्ट, सावकाराला बघावं तसं भिंगाकडे बघणारा. दुसरा गावच्या जत्रेतल्या ग्रुपमधला, कुस्त्यांच्या आखाड्यापाशी. त्यात म्हातारा मान मागे टाकून हसतोय, फेटा कलंडलेला, एक दात नाही, डोळ्यांच्या कडा सुरकुत्यांत बुडालेल्या. अस्सल हसू. फ्रान्सचे डॉक्टर द्यूशेन यांनी 1862 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं होतं की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो, आणि तो मनाच्या हुकमाला जुमानत नाही. इथे तो आवळलेला होता. साठ वर्षांत यांच्या स्टुलावर कुणी असं हसलं नव्हतं. हे तर खुळावलेच. संगणकाच्या पडद्यावर तो चेहरा मोठा करून बराच वेळ बघत बसले.

थोरला मुलगा म्हणाला, ‘दुःखाचं काम आहे. हसरा बरा दिसत नाही.’ धाकटा म्हणाला, ‘उलट. आबा रोज हसताना दिसतील.’ सून म्हणाली, ‘दोन्ही करून घेऊ, एक पुढच्या खोलीत, एक देवघरात.’ धाकट्या मालकांनी यांच्या वतीने शब्द टाकला, हसरा घ्या, लाखात एक आहे, पैसे कमी करतो. हे पैसे कमी करायला तयार झाले, म्हणजे बघा.

मग म्हाताऱ्या बाईंना आत आणलं. खुर्ची दिली. पडद्यावर तो हसरा चेहरा भिंतीएवढा होता. त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुढे वाकल्या, बघितलं. मग उजव्या हाताला बघितलं, फोटोची जी कड आम्ही कापणार होतो तिकडे. तिथे आखाड्याच्या दोरीपलीकडे बायकांचा घोळका होता, धूसर.

‘ह्यो नगं,’ त्या म्हणाल्या.

‘का गं आये? चांगला हाय की.’

‘चांगला हाय. पर ते कुणाकडं बघून हसत्यात, मला ठावं हाय.’

कुणी काही बोललं नाही. गिरणी तेवढी चालू होती. बाईंनी कार्डावरचा फोटो उचलला, तो जुळलेल्या भुवयांचा, आणि अंगठ्याने त्याच्यावरची धूळ पुसली.

‘ह्यो लावा,’ त्या म्हणाल्या. ‘पन्नास वरसं माझ्याकडं असंच बघत्यात. आन टोपी सरळ करू नगा.’